बाटलीचा वाद आणि न वाळलेली त्वचा

आयसीयूतल्या संसर्गाचा विषय नागपुरात निघाला की बोलणे हमखास दोन वाटांनी जाते. नातेवाईक विचारतात, ‘एवढी महागडी अँटिबायोटिक चालू असताना पुन्हा ताप कसा आला?’ आणि डॉक्टरांच्या बैठकीत वाद रंगतो तो बाटलीचा. त्वचेवर लावायचे जंतुनाशक कोणते: बीटाडिन, म्हणजे तपकिरी पोव्हिडोन आयोडिन, की क्लोरहेक्झिडिन? एक बाजू म्हणते, आमच्या गुरूंनी आयुष्यभर बीटाडिनवर काम केले, त्यांचे काय बिघडले? दुसरी म्हणते, जगाने क्लोरहेक्झिडिन स्वीकारले, आपणच मागे राहिलो. मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून सेंट्रल लाईन टाकताना त्वचेवर अल्कोहोलमधले २ टक्के क्लोरहेक्झिडिन लावायला हवे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत सुई टोचू नये. पण माझ्याच बाजूचे लोक हा वाद ज्या पद्धतीने लढतात ती मला पटत नाही. वरच्या वाक्यातले ‘अल्कोहोलमधले’, ‘२ टक्के’ आणि ‘पूर्ण वाळेपर्यंत’ हे तिन्ही शब्द ते गाळतात आणि फक्त औषधाचे नाव घेऊन भांडतात. रुग्णाचे भले-बुरे होते ते या गाळलेल्या शब्दांत.

नळी टाकताना काय घडते ते आधी जवळून पाहू. सेंट्रल लाईन म्हणजे साधारण १५ ते २० सेंटिमीटर लांबीची नळी. तिचे टोक हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत जाऊन बसते आणि दुसरे टोक त्वचेबाहेर राहते. त्वचेत पाडलेले भोक नळीभोवती कधीच पूर्ण मिटत नाही. थोड्या दिवसांसाठी टाकलेल्या नळीत जंतू बहुतेक वेळा याच वाटेने उतरतात. त्वचेवरून नळीच्या बाहेरच्या अंगाने ते खाली सरकतात, नळीवर चिकट थर धरतात आणि एकदा तो थर धरला की रक्तातले अँटिबायोटिक तिथे फारसे पोहोचत नाही. म्हणून तर ‘एवढी औषधे चालू असताना’ ताप येतो. त्वचेवरच्या जंतूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा केसांच्या मुळाशी आणि खालच्या थरांत असतो, तिथवर कुठलेच जंतुनाशक नीट जात नाही. तुम्ही वरचा थर कितीही स्वच्छ केलात तरी काही तासांत खालचे जंतू वर येणारच. अशा वेळी दोन गुण लागतात: एक, वरचे जंतू झटपट मारणारा, आणि दोन, नंतर वर येणाऱ्यांना थोपवत त्वचेवर टिकून राहणारा. पहिले काम अल्कोहोल करते, पण ते उडून गेले की मागे काही उरत नाही. दुसरे क्लोरहेक्झिडिन करते, कारण ते त्वचेच्या वरच्या थराला धरून राहते. पाण्यातल्या बीटाडिनची मारक्षमता मोठी आहे, पण त्याला सुमारे दोन मिनिटे हवी असतात आणि रक्त लागले की त्यातले आयोडिन तिथेच खर्ची पडते. नळी टाकताना रक्त तर लागणारच.

पुरावा कोणता? २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या ११ आयसीयूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २,५४६ रुग्ण आणि ५,१५९ नळ्या होत्या. एका गटाला ७० टक्के अल्कोहोलमधले २ टक्के क्लोरहेक्झिडिन लावले, दुसऱ्याला ६९ टक्के अल्कोहोलमधले ५ टक्के पोव्हिडोन आयोडिन. एक नळी एक दिवस राहिली की एक नळी-दिवस; अशा दर १,००० नळी-दिवसांमागे नळीमुळे झालेले संसर्ग पहिल्या गटात ०.२८ होते आणि दुसऱ्या गटात १.७७. ज्या आयसीयूत रोज सरासरी सहा नळ्या चालू असतात तिथे वर्षाला २,१९० नळी-दिवस होतात. म्हणजे हाच हिशेब धरला तर वर्षाला एका बाजूला जेमतेम चार संसर्ग आणि दुसऱ्या बाजूला एकाहून कमी. यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये: हरलेल्या गटातले आयोडिनसुद्धा अल्कोहोलमध्येच होते. आपल्याकडे ज्या तपकिरी बाटलीची बाजू घेतली जाते ते बहुतेक पाण्यातले बीटाडिन असते. त्याची तर या स्पर्धेत नोंदसुद्धा नव्हती. आणखी एक निष्कर्ष आपल्या सवयींना धक्का देणारा आहे. जंतुनाशकाआधी साबणासारख्या द्रवाने त्वचा घासून धुतल्याने संसर्ग कमी झाले नाहीत. त्वचा मळलेली दिसत असेल तर जरूर धुवा, पण त्या घासण्याच्या भरवशावर पुढच्या पायरीत सूट घेऊ नका.

आता बाटली हातात घेऊ. ‘आमच्याकडे क्लोरहेक्झिडिनच आहे’ असे सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: किती टक्के, आणि कशात? भारतात सगळीकडे मिळणाऱ्या अनेक हँडरबच्या लेबलवर ‘क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट सोल्यूशन २.५ टक्के’ असे छापलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, २ पेक्षा २.५ जास्तच. पण ते सोल्यूशन मुळात २० टक्क्यांचे असते, आणि त्याचे २.५ टक्के म्हणजे प्रत्यक्ष औषध ०.५ टक्का. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०११ साली अल्कोहोलसह ०.५ टक्क्यांहून जास्त क्लोरहेक्झिडिनची शिफारस केली होती. म्हणजे हातांसाठी बनवलेली ही बाटली त्या किमान रेषेच्याही वर जात नाही, आणि २ टक्क्यांच्या तर ती चौथाईच आहे. सॅव्हलॉनचीही तीच गत. लेबलवरचे १.५ टक्के म्हणजे खरे ०.३ टक्के, सोबत सेट्रिमाइड हे दुसरे जंतुनाशक. भिंतीवर टांगलेला हँडरब दोनदा फुसफुसवून त्याच त्वचेत सेंट्रल लाईन टाकली आणि महिन्याने ‘क्लोरहेक्झिडिन वापरूनही आमच्याकडे काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष कशाचा? गांधीबागेच्या दवाबाजारात एकाच नावाखाली तीन-चार ताकदीच्या बाटल्या मिळतात. मागणीपत्रावर नुसते ‘क्लोरहेक्झिडिन’ लिहिले तर त्यातली सर्वांत स्वस्त येते, आणि त्यात दुकानदाराची चूक नाही.

बरोबर बाटली आली तरी खाटेपाशी काय होते? त्या जागेवर केस असतील तर क्लिपरने कापायचे. वस्तऱ्याने काढले तर बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत जंतू घर करतात. अंगाला तेल किंवा मळ असेल तर साबणाने धुऊन साबण पूर्ण काढायचा आणि त्वचा कोरडी करायची, कारण साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्झिडिन निकामी होते. मग हात धुणे, टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन, हातमोजे आणि रुग्णाला नखशिखांत झाकणारी मोठी चादर. जंतुनाशक कोरड्या जागी, म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली किंवा दंडावर, ३० सेकंद जोर लावून पुढे-मागे घासायचे. बीटाडिनच्या काळात शिकवलेली मधून बाहेर जाणारी वर्तुळे इथे कामाची नाहीत, कारण औषध त्वचेच्या भेगांत शिरायला घर्षण लागते. साधारण ३ मिलीलिटरमध्ये १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन नीट भिजतो. त्यानंतर किमान ३० सेकंद वाळू द्यायचे. जांघेसारख्या ओलसर जागी घासणे दोन मिनिटे आणि वाळणे किमान एक मिनिट. गॉजने टिपायचे नाही, हाताने वारा घालायचा नाही, आणि वाळल्यावर ‘शीर कुठे आहे’ म्हणून पुन्हा चाचपायचे नाही. चाचपायचेच असेल तर निर्जंतुक हातमोज्यानेच.

नेमकी हीच अर्धी-एक मिनिटाची थांबणूक सर्वांत जास्त वेळा गिळली जाते. रुग्णाचा रक्तदाब ६० वर आलेला, बाहेर छिंदवाड्याहून किंवा गडचिरोलीहून आलेले नातेवाईक ताटकळलेले, रेसिडेंटच्या हातात आणखी दोन खाटा. त्यात त्वचा ओली चकाकत असतानाच सुई जाते. ओल्या अल्कोहोलचा परिणाम पुरा झालेला नसतो, भोकातून ते आत गेले तर चुरचुरते, आणि जवळ कॉटरी (ऊती जाळणारे विजेचे उपकरण) असेल तर आग लागण्याचा धोका वेगळाच. नागपूरच्या उन्हाळ्याने यात आपली भर घातलेली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की उघड्या गॅलीपॉटमधले (छोट्या वाटीतले) किंवा सैल झाकणाच्या डब्यातले अल्कोहोल पाहता पाहता उडते आणि दुपारपर्यंत कापसाच्या बोळ्यांत निव्वळ ओलसरपणा उरतो. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेल्या बोळ्यांचा तो डबा आपल्या बहुतेक वॉर्डांत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनसाठीसुद्धा असे ओले बोळे एका भांड्यात साठवून वापरू नका, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. कारण हात पुन:पुन्हा आत जातो आणि अल्कोहोलमध्येही बीजाणू जिवंत राहतात. जंतुनाशकात जंतू वाढत नाहीत हा समज तर पुराव्याने केव्हाच खोटा ठरला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत पोव्हिडोन आयोडिनच्या कारखान्यातून आलेल्या साठ्यातच स्यूडोमोनास सेपेशिया हा जंतू सापडला होता. बाटली संपत आली की तिच्यात नवे औषध ओतून ती ‘भरायची’ सवय म्हणूनच मोडायला हवी.

विरोधी बाजूचे जे मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात त्यांच्याकडे येतो. पहिला: शस्त्रक्रियेच्या ताज्या अभ्यासांत आयोडिन हरलेले नाही. २०२४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हृदय आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी अल्कोहोलमधले पोव्हिडोन आयोडिन क्लोरहेक्झिडिनपेक्षा कमी ठरले नाही. त्याच वर्षी हाडांच्या मोठ्या अभ्यासात बंद, म्हणजे त्वचा न फाटलेल्या, फ्रॅक्चरच्या रुग्णांत अल्कोहोलमधले आयोडिन उलट सरस ठरले. मग आयसीयूतच क्लोरहेक्झिडिनचा आग्रह का? कारण दोन्ही जखमा सारख्या नाहीत. शस्त्रक्रियेत त्वचा उघडते, काही तासांत टाके घालून मिटते. सेंट्रल लाईनचे भोक दिवसेंदिवस उघडे असते आणि ज्या नळीभोवती ते असते तिचे टोक थेट रक्तात असते. त्वचेवर टिकून राहण्याचा गुण इथे कामी येतो, तिथे त्याची गरज कमी. आणि लक्षात घ्या, हे दोन्ही अभ्यासही अल्कोहोलमधल्या औषधांचेच आहेत. ते दाखवून पाण्यातल्या बीटाडिनचे समर्थन करणे म्हणजे वकीलपत्र एकाचे आणि साक्ष दुसऱ्याची.

दुसरा मुद्दा पैशाचा आणि हेतूचा. क्लोरहेक्झिडिनच्या प्रचारामागे कंपन्यांचे हितसंबंध आहेत, हा संशय निराधार नाही. २०१४ साली अमेरिकेत अशा जंतुनाशकाच्या एका उत्पादकाने, रुग्णसुरक्षेच्या शिफारशी आपल्या बाजूला झुकाव्यात म्हणून पैसे दिल्याच्या आरोपांचे प्रकरण ४ कोटी डॉलर भरून मिटवले. फ्रेंच अभ्यासालाही सरकारी पैशासोबत उत्पादकाची मदत होती. हे लपवून ठेवणारा माझा मित्रपक्ष स्वतःचेच नुकसान करतो. पण क्लोरहेक्झिडिन हे १९५० च्या दशकातले औषध आहे, त्यावर कुणाची मक्तेदारी नाही. आणि १९९१ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ६६८ नळ्यांच्या अभ्यासात ते १० टक्के पोव्हिडोन आयोडिन आणि ७० टक्के अल्कोहोल या दोघांनाही मागे टाकून गेले होते. कंपनीचा ब्रँड विकत घ्यायला कुणी सांगितले आहे? ताकद आणि द्रव लिहून मागा, पाच उत्पादकांना स्पर्धा करू द्या.

तिसरा मुद्दा सर्वांत कठीण आणि तो आपल्या मातीतला आहे. फ्रान्समध्ये नळीतून येणारे जंतू बहुतांशी त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस. आपल्या आयसीयूंत रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे रुग्णालयातले जंतू डोके वर काढतात, आणि ते बऱ्याचदा हातांवरून, सलाईनच्या जोडणीतून, थ्री-वेच्या (तीन तोंडांच्या तोटीच्या) तोंडातून येतात. मग त्वचेवर एवढा जोर का? अर्धे उत्तर असे की आक्षेप खरा आहे. नुसती त्वचा स्वच्छ करून आपला आकडा फ्रान्सइतका खाली येणार नाही. प्रत्येक वेळी औषध देण्याआधी हब, म्हणजे नळीचे जोडणीचे तोंड, अल्कोहोलने ५ ते १५ सेकंद घासणे आणि प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाचा सेट ६ ते १२ तासांत बदलणे यालाही तेवढेच महत्त्व आहे. पण उरलेले अर्धे उत्तर असे की काही दिवस आयसीयूत पडून असलेल्या रुग्णाची त्वचा घरून आली तशी राहत नाही. जांघेत, काखेत, घामाने भिजलेल्या पाठीवर हेच रुग्णालयातले जंतू वस्ती करतात. आपल्याकडे त्वचेवरचा शत्रू बदलतो आणि अधिक हट्टी होतो, म्हणून त्वचेकडे दुर्लक्ष करून भागत नाही.

याच क्लेबसिएलाशी जोडलेला चौथा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. २०१७ साली प्रयोगशाळेत असे दिसले की क्लोरहेक्झिडिनशी जुळवून घेतलेल्या क्लेबसिएलाच्या काही जाती कोलिस्टिन या अँटिबायोटिकलाही दाद देईनाशा झाल्या. कोलिस्टिन हे आपल्या आयसीयूंचे अखेरचे हत्यार आहे, तेव्हा हा इशारा हसण्यावारी नेता येणार नाही. पण जंतू सरावतो कशाला? सतत मिळणाऱ्या अपुऱ्या मात्रेला. पातळ केलेले सॅव्हलॉन आणि पुन:पुन्हा भरलेली बाटली हीच ती अपुरी मात्रा. निर्जंतुक वस्तू उचलायचा लांब चिमटा, चिटल फोर्सेप्स, दिवसभर उभा असतो ते बरणीतले द्रावणही तेच. टोचण्याच्या जागी एकदा पूर्ण ताकदीने लावलेले, अल्कोहोलसकटचे औषध जंतूला सरावायला वेळ देत नाही. म्हणून हा आक्षेप क्लोरहेक्झिडिन सगळीकडे थोडेथोडे शिंपडण्याविरुद्ध आहे, आणि तिथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या सोबत आहे.

सुरक्षेचे मुद्देही मान्य करून पुढे जाऊ. फ्रेंच अभ्यासात त्वचेची तीव्र प्रतिक्रिया क्लोरहेक्झिडिन गटात ३ टक्के आणि आयोडिन गटात १ टक्का रुग्णांत दिसली. क्वचित जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होते, आणि त्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. कमी दिवसांच्या बाळांच्या नाजूक त्वचेवर अल्कोहोल आणि क्लोरहेक्झिडिनने भाजल्यासारख्या जखमा झाल्या आहेत, तेव्हा नवजात बाळांच्या आयसीयूत (एनआयसीयू) हा नियम आंधळेपणाने नेऊ नये. अ‍ॅलर्जीचा इतिहास असेल तर आयोडिन, तेही शक्य तर अल्कोहोलमधले. बीटाडिनचा एक गुण मी मनापासून मानतो: रंग. कुठे लागले, कुठे राहिले हे लांबून दिसते. क्लोरहेक्झिडिन पाण्यासारखे निर्मळ, आणि त्याच निर्मळपणाने जीव गेला आहे. २००४ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये लेबल नसलेल्या वाटीतले क्लोरहेक्झिडिन दुसरेच द्रव समजून रुग्णाच्या रक्तवाहिनीत टोचले गेले आणि रुग्ण दगावला. म्हणून ट्रेवर सलाईनच्या वाटीशेजारी रंगहीन जंतुनाशकाची वाटी कधीच नको. रंग घातलेले, एकदाच वापरायचे पॅकिंग हवे.

बाटलीवर भांडून हाताकडे दुर्लक्ष करण्याची किंमत आपल्या देशाने एकदा मोजलेली आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली, त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. चौकशी लस बनवणाऱ्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आली. लस बनवताना कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक वगळले होते, म्हणजे बाटलीतच दोष, असा ठपका ठेवून प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांना बाजूला सारले. पुढे उलगडले ते असे: बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकच्या पाण्यातून काढून तसाच वापरला गेला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. वाद पाच वर्षे बाटलीत काय होते यावर चालला आणि उत्तर ज्या क्षणी बाटली उघडली त्या क्षणात होते. चिमटा कार्बोलिकमध्ये बुडवला म्हणजे काम झाले असे त्या मदतनिसाला वाटले असेल. ओल्या त्वचेत सुई घालणाऱ्यालाही ‘लावले ना क्लोरहेक्झिडिन’ असेच वाटते.

मग तो क्षण सांभाळायचा कुणी? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंनी एकत्र येऊन पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणे, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्झिडिन, जांघेतली नळी टाळणे, गरज संपताच नळी काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दर १,००० नळी-दिवसांमागच्या संसर्गांचा मध्यक (मधला आकडा) २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. त्या पाच गोष्टींत नवे औषध कुठलेच नव्हते. नवा होता तो नर्सला दिलेला अधिकार. तातडीची वेळ नसेल आणि पायरी चुकत असेल तर तिने डॉक्टरला थांबवायचे. आपल्याकडे ‘सर, थांबा, अजून वाळले नाही’ असे रात्री दोन वाजता म्हणणाऱ्या सिस्टरमागे उभे कोण राहणार? विभागप्रमुखांनी आपल्या सहीने लेखी सांगितल्याशिवाय ती बोलणार नाही, आणि तिने बोलावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. एका सिस्टरकडे चार-पाच व्हेंटिलेटर असतील तर तिथे उभे राहायलाच तिला वेळ नसतो, हेही त्याच सहीत मोडते.

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधले एम्स आणि रामदासपेठ-धंतोलीतली खासगी रुग्णालये यांच्यावर सारा विदर्भ आणि शेजारच्या मध्य प्रदेशाचा मोठा भाग विसंबून आहे. त्यामुळे इथली खरेदीची एक ओळ फार दूरवर पोहोचते. सरकारी खरेदी असो वा खासगी, मागणीत ‘अँटिसेप्टिक सोल्यूशन’ असे लिहिणे बंद करावे. त्याऐवजी लिहावे: क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट २ टक्के वजनाप्रमाणे, आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्के, रंगयुक्त, निर्जंतुक, एकदाच वापरायचे पॅकिंग. सोबत पारदर्शक ड्रेसिंग, जे सात दिवस टिकते पण उन्हाळ्यात घामाने कड सुटली की त्याच दिवशी बदलावे लागते. गॉजचे असेल तर दोन दिवसांनी. ड्रेसिंग बदलताना पुन्हा तेच औषध, तेवढेच घासणे, तेवढेच वाळणे. आणि एक वही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी आयसीयूत किती नळ्या चालू आहेत ते मोजून लिहायचे, महिन्याची बेरीज करायची, नळीमुळे झालेले संसर्ग त्या बेरजेने भागून १,००० ने गुणायचे. याला पैसे लागत नाहीत, संगणकही लागत नाही. ज्या आयसीयूकडे हा आकडा नाही त्याने बीटाडिनची बाजू घ्यावी की क्लोरहेक्झिडिनची, हे त्यालाच कसे कळणार? सेंट्रल लाईनच्या संमतीपत्रावर सही करणाऱ्या मुलाने ‘गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडचा आकडा किती?’ असे विचारले, तर त्याला ‘उद्या सांगतो’ असे नव्हे, वही उघडून उत्तर मिळाले पाहिजे.